बिनमिठाचं पाणी

अक्का, काल तुमची गंधमुक्ती झाली, दिवस संपले. आज सकाळी मंडपवाला सतरंज्या आणि कढया घेऊन गेला. तुमच्या दोघी बहिणी अमळनेरच्या एसटीत बसल्या, जाताना एकेकीने तुमचं एकेक लुगडं नेलं. घर मोकळं झालंय. येणारा-जाणारा म्हणतो, सून असून लेकीसारखं केलंस सासूचं. मी मान हलवते. खरं सांगायचं तर मला रडू येत नाही. मला तुमचा राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही, म्हणून तुमच्यावरच काढायला बसले आहे. तशीही माझी सवय तीच होती.

इतक्या वर्षांत मी तुमच्याकडे एकच गोष्ट मागितली. सोनं मागितलं नाही, वेगळी चूल मागितली नाही. माझं बाळ कुठे ठेवलं, एवढंच विचारलं. आणि तुम्ही दर वेळी काहीतरी खायला-प्यायला पुढे केलंत.

बाळाचं पहिल्यापासून सांगते, कारण आपल्या घरात ते कुणी पहिल्यापासून सांगितलंच नाही. थोरली वैशाली चोपड्याला, माझ्या माहेरी झाली. दुसऱ्या वेळी मी सासरीच राहिले. दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या आणि मला धुळ्याला नेलं. बाळ पोटातच गेलेलं होतं. मी गुंगीत होते. हे, म्हणजे तुमचा मुलगा, रक्ताच्या बाटलीसाठी धावत होते. तुम्ही घरी वैशालीला सांभाळत होतात. उरले आबा, तुमचे मालक. त्यांच्या हातात कुणीतरी एक गाठोडं दिलं, आणि आबा ते कापडी पिशवीत घालून एसटीत बसले. हे मला दवाखान्यातल्या आयाने सांगितलं. मुलगा होता, हेही तिनेच सांगितलं. धुळ्यापासून आपल्या गावापर्यंत कितीतरी थांबे आहेत, नाले आहेत, बांध आहेत. त्यातल्या कुठल्या थांब्यावर आबा उतरले, ते मला कुणी सांगितलं नाही.

मी घरी आले तेव्हा मला दूध आलं होतं. पाळणा उतरवून माळ्यावर टाकलेला होता. गल्लीतल्या बाया दारावरून जायच्या, आत यायच्या नाहीत. येणार तरी काय म्हणून? बाळंतविडा आणावा तर बाळ नाही, दुःखाला यावं तर दहावं नाही, तेरावं नाही. त्याचं ना बारसं झालं ना दिवस झाले. माझी आई म्हणाली, हिला चोपड्याला घेऊन जाते, इथे ठेवून आता करायचं काय. तेव्हा तुम्ही दारात आडव्या उभ्या राहिलात.

"ती बाळंतीन शे," तुम्ही म्हणालात. "बाळ नही म्हनीसन काय व्हयनं? आंग तं बाळंतीननंच शे ना."

आणि तुम्ही माझं बाळंतपण केलंत. काही म्हणता काही सोडलं नाही. अंगाला तेल लावलंत, कान बांधलेत, पोट बांधलंत, खाटेखाली शेगडी ठेवलीत. छाती दुखून मी कण्हायची तेव्हा तुम्ही ती घट्ट बांधून द्यायच्या. पाळणा नसलेल्या खोलीत सुनेला शेकत बसलेली सासू माझ्या आईलाही बघवेना, ती तोंडाला पदर लावून मागच्या दाराने बाहेर गेली. मला तर तेव्हा तुम्ही वेड्याच वाटला होतात.

पण खरं बोलायचं आहे ते कोंबडीच्या पाण्याबद्दल.

तुम्ही माळकरी. मी लग्न होऊन आले तेव्हाच तुमच्या गळ्यात माळ होती आणि या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. कोंबडी-मटणावर वाढलेल्या माझ्यासारखीचे सुरुवातीचे दिवस कसे गेले ते मला ठाऊक, आणि तुम्हालाही ठाऊक, कारण मी ते बोलून दाखवत होते. त्या तुम्ही शेतावरच्या रखवालदाराच्या बायकोकडून कोंबडी आणवलीत. तिच्या नवऱ्याकडून कापून, साफ करून घेतलीत. तरणी नको, असं बजावून सांगितलंत. तरणीचं पाणी म्हणजे नुसतं ऊन पाणी, अंडी द्यायची थांबलेली जुनी कोंबडीच हवी, तिच्या हाडात कस असतो. माळ घालण्याआधी तुमच्या हातची कोंबडी खायला पाहुणे वाट वाकडी करून यायचे, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

मागच्या अंगणात तीन विटा मांडून तुम्ही वेगळी चूल केलीत. खोलीच्या खिडकीतून मला सगळं दिसायचं. बघायला दुसरं काही नव्हतंच. पऱ्हाट्यांनी, कापसाच्या वाळल्या काटक्यांनी, चूल पेटवायची, पण पाण्याला आधण आलं की जळत्या पऱ्हाट्या ओढून काढायच्या आणि खाली गोवऱ्या सरकवायच्या. पऱ्हाटी भडकते आणि संपते, गोवरी आपली धुमसत राहते, तुमच्यासारखी. वर येणारी मळी पळीने काढून टाकायची. ती सगळी निघाली की मगच हळद, ठेचलेलं आलं-लसूण, थोडी मिरी आणि निखाऱ्यात भाजलेला अख्खा कांदा. कोंबडीचे पंजे जाळावर धरून सोलायचे आणि तेही आत टाकायचे, पाण्याला चिकटपणा येतो तो त्यांचाच. वर ताट, ताटात पाणी, आणि पातेल्यातलं आटलं तर त्या ताटातलंच कढत पाणी आत घालायचं. वरून गार पाणी पडलं की चव गेलीच म्हणून समज, असं तुम्ही रखवालदाराच्या बायकोला दरडावत होतात. दुपार कलेपर्यंत तुम्ही त्या चुलीपाशी बसून असायच्या.

गल्लीत बोभाटा झालाच. तुमची जाऊ, शेजारची नानी, कुंपणावरून म्हणाली, "माळकरी बाई आन् कोंबडी शिजाडस?"

तुम्ही हातातली पळीसुद्धा खाली ठेवली नाहीत. "माळ मना गळामा शे. तिना गळामा नही."

वाटी माझ्या हातात देऊन तुम्ही आंघोळीला जायच्या, लुगडं बदलून मगच देवघरात. पण जाण्याआधी रोज एक प्रश्न विचारायच्या. तुम्हाला चाखता येत नव्हतं ना, म्हणून. "मीठ कसं शे?" मी म्हणायची, "बरोबर शे." त्या दिवसांत मला कुणी काही विचारलं असेल तर तेवढंच, आणि मी काही बोलले असेन तर तेवढंच. वैशाली दारात येऊन आई आई करायची आणि मी भिंतीकडे तोंड करायची. हे खाटेच्या पायथ्याशी येऊन बसायचे आणि उठून जायचे. तुमची वाटी यायची, मी बरोबर शे म्हणायची, वाटी रिकामी व्हायची.

मग एक दिवस मी घोट घेतला आणि थांबले.

"यामा मीठ नही," मी म्हणाले.

"काय म्हनं?"

"मीठ नही यामा. टाकाले इसरी ग्यात का?"

तुम्ही तिथेच उंबऱ्यावर बसलात आणि पदरात तोंड घालून रडायला लागलात. मला वाटलं, माझं चुकलंच, माळ गळ्यात असून बिचारी एवढं करते आणि मी खोड काढते. मी म्हणाले, असू द्या, चालेल. तुम्ही मान हलवत राहिलात. "नही माय. बरं व्हयनं. बरं व्हयनं."

पुढे कितीतरी दिवसांनी, शेंगा फोडत बसलो होतो तेव्हा तुम्ही सांगितलंत. पहिल्या दिवशी मीठ चुकून राहिलं होतं. तरी मी बरोबर शे म्हणाले, ते ऐकून तुम्ही घाबरलात. "मंग मी टाकंच नही. म्हनं दखू, बोलस का नही." म्हणजे रोज तुम्ही जाणूनबुजून बिनमिठाचं पाणी करून आणत होतात, रोज विचारत होतात, आणि मी तक्रार करीन म्हणून वाट बघत होतात. आयुष्यात माझी इतकी वाट कुणी बघितलेली नाही, अक्का. हे तुम्हाला तोंडावर कधी सांगता आलं नाही. शेंगा फोडताना मी एवढंच म्हणाले, मेली कोंबडी वाया घालवलीत सगळी. तुम्ही हसलात.

तर त्याच दिवशी, तुम्ही मीठ घालून वाटी परत आणलीत तेव्हा, मी पहिल्यांदा विचारलं. "अक्का, बाळ कोठे ठेवं?"

तुम्ही वाटीकडे बोट केलंत. "पी ले. थंडं व्हई जाई."

तिथून जे सुरू झालं ते शेवटपर्यंत. अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, आबा आगारी टाकायचे, निखाऱ्यावर गेलेल्यांच्या नावाचा एकेक घास, तेव्हा मी मागे उभी राहून ऐकायची, त्यात त्याचाही असेल का. नसायचा, निदान ऐकू तरी यायचा नाही. मग चुलीपाशी तुम्हाला विचारायची. तुम्ही म्हणायच्या, पुरण वाटायला बस. यांना विचारलं की हे चप्पल पायात घालायचे. "मायले इचार, तिले माहीत व्हई." आबांना विचारायची सोय नव्हती. सासऱ्यापुढे मी डोक्यावर पदर घेऊन उभी राहणारी, आणि मी समोर आले की आबाच उठून गोठ्यात जायचे. वैशाली शाळेत असतानाच तेही गेले. म्हणजे उरलात तुम्ही. जन्मभर एका ताटात जेवलेली माणसं, आबांनी तुम्हाला सांगितलं नसेल असं होईल का? तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही सांगत नाही, याबद्दल मला कधी शंकाच आली नाही.

धुळ्याला जायची वेळ आली की मी खिडकीशी बसायची. प्रत्येक थांब्याला उतरणाऱ्या म्हाताऱ्यांकडे बघायची. कापूस वेचताना बांधाशी आले की पाऊल जपून टाकायची. कुठे मातीचा उंचवटा दिसला की तिथलं गवत कापायला माझा हात धजत नसे. हे सगळं तुम्ही बघत होतात. तुमची नजर चांगली होती.

बाकी आपण भांडलो ते मनसोक्त भांडलो. ती तीन विटांची चूल तुम्ही पुढे माझ्या कोंबडी-मटणासाठी ताब्यात दिलीत आणि मी तिच्यावर कुकर ठेवला, तेव्हा तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. "शिट्टीसंगे चव उडी जास." मी म्हणायची, मग एकदा चाखून दाखवा आणि सांगा उडाली का. माझ्या रश्श्यात काळा मसाला, भाजलेलं खोबरं, वर बोटभर तेल. तुम्ही लांबूनच वास घेऊन नाक मुरडायच्या, की एवढ्या मसाल्यात कोंबडी होती की वांगी होती ते कुणाला कळतंय. न खाणाऱ्या बाईने खाणाऱ्यांना शिकवावं, हे फक्त आपल्याच घरात. वैशाली नाशिकला नोकरीला लागली तेव्हा तिने मला फोनवर विचारलं, आई, सर्दी झाली आहे, सूप कसं करायचं? मी सांगायला लागले आणि तुम्ही मागून फोन ओढून घेतलात. पंजे विसरू नको, असं त्या पोरीला ओरडून सांगितलंत.

यंदा थंडी सरता सरता तुम्ही अंथरुणाला खिळलात. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. भाकरीचा तुकडा गालात धरून ठेवायच्या. मुगाचं पाणीही दोन चमच्यांपुढे जाईना. अमळनेरच्या डॉक्टरांनी सांगितलं, अंगात काही उरलेलं नाही, कोंबडीचं सूप द्या, बघू धरलं तर. मी त्यांना माळेचं सांगितलं. ते म्हणाले, मग तुम्ही ठरवा.

मी ठरवलं. जुनी कोंबडी आणली, मागे तीन विटा मांडल्या, कुकर आणि काळा मसाला बाजूला ठेवला, आणि अगदी तुमच्यासारखं करायला बसले. तुम्ही आत खाटेवर. खिडकी उघडी. उठून बसायची ताकद नव्हती, पण तिथून आवाज आला. "जाळ कमी कर. खदखदाले लागनं ते. खदखदनं का गढूळ व्हस." मी गोवरी मागे ओढली. तुम्ही पडल्या पडल्या कानाने पाणी शिजवत होतात आणि मला वाटलं, पितील. खरंच वाटलं, अक्का.

तुम्ही तोंड फिरवलंत. मी वाटी धरून बसले. म्हटलं, "मनाकरता तुम्ही शिजाडं ना? मंग मना हातनं घोटभर प्या."

"मी पिधं का तव्हय? फक्त शिजाडं."

मी खूप बोलले. माळ काढून ठेवा दोन दिवस म्हटलं, देव काय पोलीस आहे का म्हटलं. तुम्ही हसलात, मला चिडवल्यासारखं. मग माझं डोकंच फिरलं. मी वाटी जमिनीवर ठेवली आणि म्हणाले, नका पिऊ. पण मग मला एक तरी द्या. जाण्याआधी सांगून जा. बाळ कोठे ठेवं?

पाणी निवलं, वर साय धरली. मग म्हणालात, "माले माहीत नही."

"आबास्नी सांगं नही?"

"मी इचारंच नही. आबा घर उनात, धोतरले माती व्हती. पाय धुयात, ओटावर बसनात. मी ताट वाढं, त्यास्नी खादं नही. मी काय इचारू?"

"मंग इतला साल माले तसं सांगं का नही?"

तुम्ही डोळे मिटले होते. मला वाटलं झोप लागली. "मी माहीत नही सांगतू तं तुनं बाळ हारपी जातं. तुले वाटे, कोनले तरी माहीत शे. तेवढं ऱ्हाऊ दिधं."

तुम्हाला माहीत नाही हे मला कळलं असतं तर माझं बाळ खरंच हरवलं असतं, म्हणून तुम्ही माहीत असल्यासारख्या गप्प राहिलात. माझे टोमणे खाल्लेत, माझं फुगून बसणं सोसलंत, तुम्ही दगडाच्या आहात असं मी यांच्यापाशी म्हटलेलं ऐकलंत, आणि तरी बोलल्या नाहीत. हे समजून घेतलं की मी तुमच्या पाया पडते. पण अक्का, राग येतो तोही इथेच येतो. आबा त्यानंतर कितीतरी वर्षं जिवंत होते. समोर, त्या गोठ्यात. तुम्ही एकदा माहीत नाही म्हणाला असतात, तर मी डोक्यावरचा पदर काढून फेकला असता आणि गोठ्यात जाऊन त्यांचा हात धरला असता. त्यांनी मला नेलं असतं. नसतं नेलं तर बोटाने दाखवलं असतं. तुम्ही माझ्यासाठी जपलंत आणि त्यापायी माझी वाटच बंद झाली. हे भांडण मला तुमच्याशी करायचं होतं, आणि तुम्ही दुसऱ्या दिवसापासून बोलायच्या बंद झालात. आठवडाही काढला नाहीत. त्या दिवशीचं पाणी मी मोरीत ओतलं.

ज्याच्यापाशी उत्तर होतं तो माणूस ते घेऊन गेला, तुम्ही होतात तोवर मला निदान विचारायला कुणीतरी होतं. आता या जगात माझ्या मुलाची जागा कुणालाही ठाऊक नाही. हे वाक्य मी पंधरवडाभर मनात म्हणते आहे, तरी त्याची सवय होत नाही.

आज दुपारी सगळे गेल्यावर मी पुन्हा कोंबडी आणली. यांनी तुम्ही गेल्यापासून धड अन्न घेतलेलं नाही, गाल आत गेलेत. मसाला नाही, तेल नाही, तुमच्यासारखंच केलं. मागच्या ओट्यावर यांना वाटी दिली आणि मी समोर बसले. यांनी दोन घोट घेतले. मग वाटीतच बघत म्हणाले, "मायनी तुले सांगं का?"

"काय?"

"त्यानं. कोठे ठेवं ते."

इतक्या वर्षांत तुमच्या मुलाच्या तोंडून हे पहिल्यांदा निघालं. मी काही बोलायच्या आत तेच पुढे म्हणाले, की मी कधी विचारलं नाही, मला धीरच झाला नाही. पण मायला माहीत आहे ना, एवढ्यावर मी झोपायचो. बोलताना त्यांच्या हातातली वाटी कलली. मी ती खालून धरली.

माझ्या तोंडात सगळं आलं होतं, अक्का. आबांची पिशवी, धोतराची माती, तुमचं माहीत नही. मी म्हणाले, "हां. अक्कानी सांगं माले."

यांनी डोळे पुसले. मला वाटलं, आता कुठे ते विचारतील, आणि मी काय सांगू. यांनी ते विचारलं नाही. उरलेलं पाणी सावकाश प्यायले, वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "सावली शे का तठे?"

"शे," मी म्हणाले. "दिनभर ऱ्हास."